पिंडारीला ग्रुपने जाताय? या चुका टाळा

उत्तराखंडातल्या बागेश्वर जिल्ह्यातली पिंडारी हिमनदी 'सोपी' म्हणून ओळखली जाते. दोर लागत नाही, वाट मळलेली आहे आणि मुक्कामाला कुमाऊं मंडल विकास निगमची विश्रामगृहं आहेत. खरकियापर्यंत गाडी जाते. पुढे पायी खाती, द्वाली, फुरकिया आणि शेवटी झिरो पॉइंट, म्हणजे वाट संपते ती जागा. महाराष्ट्रातून पहिल्यांदा हिमालयात जाणारे बरेच ग्रुप म्हणूनच हा ट्रेक निवडतात. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा गाइड आणि दहा-बारा जणांच्या ग्रुपबरोबर. तिथे ज्या अडचणी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक सुरुवातीला अगदी किरकोळ होत्या. कुणीतरी बोललं नाही, म्हणून त्या वाढल्या.

डोकं दुखतंय हे लपवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल.

पहिल्या खेपेला आमच्यातल्या एकाचं डोकं द्वालीलाच दुखायला लागलं होतं. रात्री तो जेवला नाही. 'प्रवासाचा शीण आहे' म्हणाला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी फुरकियाला पोचला, दुपारभर पडून राहिला आणि संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. गाइडला तेव्हा कळलं. हेडटॉर्चच्या उजेडात दोघांनी त्याला पाच किलोमीटर खाली द्वालीला आणलं. खाली आल्यावर तो सावरला, पण सगळ्यांच्या काळजाचं पाणी झालं होतं. आपल्यामुळे ग्रुपचा दिवस जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. द्वालीलाच सांगितलं असतं, तर एखादा दिवस तिथे थांबून तो कदाचित झिरो पॉइंटही बघून आला असता.

साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. रोज धावणाऱ्यालाही होतो आणि पंचविशीतल्या पोरालाही. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणं, चक्कर किंवा न जाणारा थकवा यांपैकी काही असेल, तर दुसरं कारण नक्की कळेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. अशा वेळी वर चढायचं नाही. आहे तिथे थांबायचं, पाणी प्यायचं, गाइडला सांगायचं. थांबूनही त्रास वाढला तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच सोबत देऊन खाली न्यायचं. अशा माणसाला खोलीत एकटं झोपू देऊ नका.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. मित्राच्या पाकिटातली घेऊ नका. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर सगळा भार टाकू नका. गारठलेल्या बोटांवर तो चुकीचा आकडा दाखवतो. आकडा चांगला आहे पण माणूस जेवत नाही, तर माणसाकडे बघा.

सह्याद्रीच्या वेगाने चालणं

कळसूबाई १,६४६ मीटर. खाती गावच २,२१० मीटरवर आहे. म्हणजे चाल नीट सुरू होण्याआधीच आपण महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या साडेपाचशे मीटर वर असतो. हरिश्चंद्रगड चार तासांत केला, हा हिशोब इथे चालत नाही. चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग बरोबर आहे. शब्दाशब्दाला दम लागत असेल तर आवरा.

याच घाईतून दुसरी चूक होते, ती फुरकियाचा मुक्काम गाळण्याची. काही ग्रुप दिवस वाचवायला द्वालीहून पहाटे निघून झिरो पॉइंट करून त्याच दिवशी परततात. द्वाली ते फुरकिया पाच आणि पुढे सात, म्हणजे जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर आणि एका दमात हजार मीटरहून जास्त चढ. पहिल्यांदा हिमालयात आलेल्यांसाठी हे मला अजिबात पटत नाही. पैसे भरण्यापूर्वी विचारा: फुरकियाला (३,२६० मीटर) रात्र आहे का? राखीव दिवस आहे का? ग्रुपच्या शेवटी चालायला वेगळा माणूस आहे का? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर दुसरा आयोजक बघा.

जंगलात एकटं पुढे किंवा मागे पडणं

खाती ते द्वालीचं जंगल दाट आहे. बांज (ओक), बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन), रिंगाळाची म्हणजे बारीक बांबूची बेटं, खडकांवर हिरवं शेवाळ. इथली ओली सावली मला झिरो पॉइंटइतकीच प्रिय आहे. पण बाजूने पिंडर नदी एवढ्या जोरात वाहते की वीस पावलांवरची हाक ऐकू येत नाही. फोटो काढायला थांबलेला माणूस ओरडत राहतो आणि पुढच्याला पत्ताच नसतो. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी, सॅकच्या तळाशी नव्हे. किती वेळा वाजवली की काय अर्थ, हे पहिल्याच संध्याकाळी गाइडबरोबर ठरवून घ्या. इथले तरुण आपल्या थोरल्यांना 'दाज्यू' म्हणतात. वयाने मोठ्या गाइडला तीच हाक मारा. आपुलकीने विचारलं की ते खूप काही सांगतात.

नियम एकच: गाइडच्या पुढे कुणी नाही, शेवटच्या माणसाच्या मागे कुणी नाही. द्वालीला हा नियम मोडला की गडबड होते, कारण तिथे कफनी आणि पिंडर या नद्यांचा संगम आहे आणि कफनी हिमनदीची वाट वेगळी फुटते. तिथे सगळे जमल्याशिवाय हलू नका. चुकलात असं वाटलं, तर आहात तिथेच थांबा, शिट्टी वाजवा, गरम कपडा चढवा. शोधत शोधत नदीकडे उतरू नका.

मोबाइलमध्ये उतरवलेल्या जुन्या नकाशावर तर मुळीच विसंबू नका. जून २०१३च्या पुरात या खोऱ्यातले पूल आणि वाटेचे तुकडे वाहून गेले. जुन्या नोंदीत दाखवलेला पूल आज तिथे असेलच असं नाही. कुठला पूल चालू आहे, हे खातीतल्या लोकांना माहीत असतं.

खेचरं समोरून आली तर डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीही नाही. पाठीवरच्या ओझ्याचा धक्का पुरेसा असतो. आणि 'सिसूण' म्हणजे काटेरी खाजरी वनस्पती हाताला लागली, तर चोळू नका. पाण्याने धुवा आणि चिकटपट्टी लावून ओढा, म्हणजे बारीक काटे निघतात.

पाऊस आवडतो म्हणून पावसाळ्यात जाणं

आपल्याकडे ट्रेकिंगचा खरा मोसम पावसाळ्याचा, पण जुलै-ऑगस्टात पिंडारीकडे जाऊ नका. दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात, ओढे अडवतात. मे-जून किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस बरे. तेही हमखास नाहीत. १७ ते १९ ऑक्टोबर २०२१ या तीन दिवसांत उत्तराखंडात भयंकर पाऊस झाला आणि याच बागेश्वर जिल्ह्यातल्या ट्रेकच्या वाटांवर माणसं अडकली, शेजारच्या सुंदरढुंगा भागात काहींचा जीवही गेला. तेव्हा परतीचं तिकीट काढताना मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. 'उद्या दिल्लीहून विमान आहे' म्हणून गाइडवर दबाव आणणारे लोक मी पाहिलेत, आणि मला त्यांचा राग येतो. फुगलेला ओढा पार करायचा की नाही, हे तिकीट ठरवू शकत नाही.

कपड्यांचं थोडक्यात: सुती टी-शर्ट घामाने भिजला की वाळत नाही आणि थांबल्यावर अंग गारठवतो. लोकर किंवा सिंथेटिक घ्या. झोपायचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा, ते चालायला वापरू नका. नवे बूट आधी महिनाभर सिंहगडावर किंवा जवळच्या टेकडीवर घालून चाला. टाच गरम लागली की त्याच क्षणी थांबून पट्टी लावा. फोड आल्यावर लावून फारसा उपयोग नाही.

झिरो पॉइंटच्या पुढे जाण्याचा मोह

फुरकियाहून अंधारातच निघा. नऊ-दहानंतर ढग चढायला लागतात आणि नंदाकोट, छांगुच ही शिखरं दिसेनाशी होतात. मे महिन्यात वाटेतल्या घळींमध्ये बर्फ साचलेला असतो. सकाळी तो घट्ट असतो, दुपारी भुसभुशीत होतो आणि खालून पाण्याने पोखरलेलाही असतो. गाइडच्याच पावलांवर पाऊल टाकायचं, एकेकाने.

हिमनदी पायाखाली येईल अशी अपेक्षा ठेवून आलेले इथे हिरमुसतात. ती मागे हटली आहे. झिरो पॉइंटला वाट संपते आणि पुढे खोल दरीचा कडा आहे. तो दगडमातीच्या ढिगाऱ्याचा आहे आणि सतत ढासळतो. वरून गवत दिसतं, पण खाली पोकळ असू शकतं. कड्यापासून काही मीटर मागेच थांबा आणि सेल्फीसाठी कुणी पुढे सरकला, तर संकोच न करता दंडाला धरून मागे ओढा. बर्फाला हात लावायला खाली उतरू नका. तिथून पुढे ट्रेलच्या खिंडीची वाट जाते. १८३०मध्ये कुमाऊंचा कमिशनर ट्रेल याच्या मोहिमेत सुपी गावच्या मलक सिंगने ती पार केली होती. ते गिर्यारोहकांचं काम आहे, ट्रेकच्या ग्रुपचं नाही.

उतरताना ग्रुप हमखास फुटतो. बघायचं ते बघून झालेलं असतं, चहाची ओढ असते, गुडघे थकलेले असतात. फुरकिया, द्वाली आणि खाती या तिन्ही ठिकाणी मोजणी करा आणि आकडा जुळल्याशिवाय चहाचा कप हातात घेऊ नका.