पेन्शन सगळ्यांपर्यंत पोचवायची तर सुरुवात कुठून करायची

आधी बघा, बाहेर कोण राहिलंय. बहुतेक वेळा रोजंदारीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, छोटे धंदेवाले, कारण जुनी सिस्टीम पगारातल्या कपातीवर चालते आणि यांच्याकडे पगाराची स्लिपच नसते. नोकरदारांचं सोपंय, ऑटो एनरोलमेंट करा, नाव आपोआप लागतं, ज्याला नको तो बाहेर पडेल. न्यूझीलंडने २००७ ला, ब्रिटनने २०१२ पासून हेच केलं. बाकीच्यांसाठी हप्ता कमीजास्त करता यावा, मोबाईलवरून भरता यावा, महिना चुकला तर दंड अजिबात नको. आणि ज्यांना भरणं जमतच नाही त्यांना सरकारी तिजोरीतून बेसिक पेन्शन द्यावीच लागते, चिलीने १९८१ ला सगळं वैयक्तिक खात्यांवर नेलं आणि २००८ ला शेवटी हा आधार जोडलाच. नोकरी बदलली तरी खातं तेच राहू द्या.