‘गट’ म्हणजे कोणता गट? अर्ज भरताना या चुका टाळा

तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याने “गट कोणता?” विचारलं, की आबा सातबाऱ्यावरचा आकडा सांगतात आणि शेजारच्या ताई बचत गटाचं नाव. दोघांचं उत्तर बरोबरच. गोंधळ होतो तो रकाना कशाचा आहे हे न वाचता लिहून मोकळं झालं की.

सगळ्यात महागात पडते ती जमिनीच्या गटातली चूक. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली विखुरलेल्या जमिनी एकत्र करून त्यांना नवे क्रमांक मिळाले, ते गट नंबर. म्हणून आजोबांच्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर दिसतो आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही. खतावरचा जुना आकडा उचलून केळीच्या विम्यात टाकला, की बाग तुमची आणि नोंद भलत्याच्याच शेतावर. ई-पीक पाहणीतही तीच गत. ताजा सातबारा समोर ठेवूनच भरा. जुन्या-नव्याचा मेळ घालायचा असेल तर एकत्रीकरणाचा उतारा काढा. हिश्श्याचा आकडा तर हमखास सुटतो: १२४ वेगळा, १२४/२ वेगळा. काही गावांत एकत्रीकरण झालेलंच नाही, तिथे सर्व्हे नंबरच चालतो. उगाच गट नंबर शोधत बसू नका.

निवडणुकीच्या दिवसांत दुसरा घोळ. जिल्हा परिषदेचा मतदारसंघ तो गट आणि पंचायत समितीचा तो गण. एका गटात दोन गण असतात. गटविकास अधिकाऱ्यांचा ‘गट’ मात्र या दोन्हींपेक्षा निराळा. तो विकास गट, म्हणजे व्यवहारात अख्खा तालुका. त्यांच्या नावे अर्ज करताना जिल्हा परिषदेच्या गटाचं नाव घालायचं कारण नाही, तालुका लिहा. मतदारसंघाची नावं आणि हद्दी पुढच्या रचनेत बदलूही शकतात.

आता बचत गट. “तुना गटमा किती बाया शेतस?” (तुझ्या गटात किती बाया आहेत?) याचं उत्तर दहा ते वीसच्या दरम्यान असायला हवं. वीसच का? जुन्या कंपनी कायद्यात नोंदणी न करता वीसपेक्षा जास्त जणांनी नफ्यासाठी एकत्र व्यवहार करायला मनाई होती, तिथून ही मर्यादा आली. एकविसावी मैत्रीण आली तर तिला दुसऱ्या गटात घ्या, वहीत नाव घुसडू नका. बँकेत कागद अडतो तो बहुतेक वेळा नावावरून. ठरावात ‘सप्तशृंगी’, शिक्क्यावर ‘सप्तश्रुंगी’; पासबुकात ‘बचत गट’, अर्जात ‘स्वयंसहायता समूह’. देवीला चालेल, बँकेला चालत नाही. शिक्का बनवायला टाकण्याआधी पासबुकावरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून द्या.

गटासारखाच शब्द टोळी, पण तिचं वेगळंच. पेपरात टोळी म्हटलं की दरोडेखोर आठवतात, पण चाळीसगावकडून ऊसतोडीला निघणाऱ्यांची टोळी म्हणजे कष्टकऱ्यांचा जथा. इथे हिशेब डोक्यांवर नाही, कोयत्यावर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. करारात नुसतं “वीस” लिहिलं तर मुकादम आणि मजूर दोघंही आपापल्या सोयीचा अर्थ काढतात. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती, कोणाच्या नावावर आणि कोयत्यामागे की माणसामागे, हे तिथल्या तिथे लिहून घ्या, एक प्रत आपल्याकडे ठेवा.

राहिला फड. तमाशाचा फड माणसांचा, उसाचा फड शेताचा. पांझरा नदीकाठच्या फड बागायतीचा फड मात्र बंधाऱ्याखालच्या भिजत्या जमिनीचा एक भाग. त्या भागात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने पाळीपाळीने सोडायचं. मुलांच्या प्रकल्पात “फड म्हणजे शेतकऱ्यांचा गट” असं सर्रास लिहिलेलं असतं, ते खोडा. एकाच शेतकऱ्याची जमीन दोन-तीन फडांत असू शकते, मग तो कोणत्या ‘गटात’ धरायचा?