जेलीची गोळी पाण्यात किती फुगते? वर्गात मोजून बघा

पाण्यात टाकलेली जेलीची गोळी फुगलेली सगळ्यांनाच दिसते. ती किती फुगली हे आकड्यात सांगता येणं, हा या प्रयोगाचा खरा गाभा. त्यासाठी पाण्यात टाकण्याआधीची मापं लागतात आणि वर्गात नेमकी तीच राहून जातात, कारण मुलांचा हात आधी पेल्याकडे जातो.

विकत घेताना पाकिटावरचे घटक वाचा. जिलेटिनची जेलीच हवी. स्टार्च किंवा पेक्टिनची शाकाहारी जेली बहुधा मऊ पडून विरघळत जाते. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, तेव्हा मुलांना आधीच कल्पना द्या. ज्यांना हात लावायचा नसेल ते नोंदी ठेवतील. प्रयोगातली गोळी कुणीही खायची नाही.

हा प्रयोग थंडीतच करा. साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास जिलेटिन वितळतं. विदर्भातल्या एप्रिलमध्ये पेल्यात रंगीत चिकट पाणीच उरायचं.

प्रत्येक गटाला एकाच पाकिटातल्या, एकाच आकाराच्या चार गोळ्या द्या. तीन पेल्यांत प्रत्येकी १०० मिली पाणी घ्या: एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात १० ग्रॅम मीठ, तिसऱ्यात १०० ग्रॅम साखर विरघळवून. चौथी गोळी कोरड्या बशीत राहील, तुलनेसाठी. पेल्यांवर चिठ्ठ्या लावा. आता चारही गोळ्यांची लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. अस्वलाच्या आकाराची गोळी असेल तर कानापासून मोजायचं की डोक्यापासून, हे सगळ्या वर्गाचं एकच ठरवा. नाहीतर दोन गटांत दोन मिलिमीटरचा फरक उगाच पडतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा एका ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो आणि गोळीच दोन-तीन ग्रॅमची, म्हणून दहा गोळ्या एकत्र तोलून दहाने भागा.

मग गोळ्या पेल्यांत सोडा. एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. फुगलेली गोळी इतकी लिबलिबीत होते की चिमटीत धरली तर तुटते. ती चहाच्या गाळणीत अलगद ओता. आलेख कागदावर पारदर्शक प्लास्टिक पसरा, त्यावर गोळी ठेवून चौकोन मोजा. लांबी-रुंदी अशीच मिळते, पट्टी दाबावी लागत नाही. जाडीसाठी पट्टी शेजारी उभी धरा.

गणितात मुलं खरी रमतात. समजा, गोळी २० × १२ × १० ची होती आणि ३० × १८ × १५ ची झाली. प्रत्येक बाजू दीडपटच वाढली, पण आकारमान २४०० वरून ८१०० घन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३.४ पट! हे फळ्यावर मुलांनाच करू द्या.

असं का होतं? जिलेटिनच्या लांब साखळ्यांचं जाळं आत शिरलेलं पाणी धरून ठेवतं. गोळीत साखर दाटलेली असते, म्हणून पाणी आत ओढलं जातं. बाहेरही मीठ किंवा साखर असली की ही ओढ कमी पडते आणि गोळी कमी फुगते. कैरीला मीठ चोळल्यावर पाणी सुटतं, ते मुलांनी घरी पाहिलेलं असतं. त्याची आठवण करून द्या. मात्र पाठ्यपुस्तकातल्या परासरणाला, म्हणजे पाणी दाट द्रावणाकडे ओढलं जाण्याला, अर्धपार्य पटल लागतं: पाणी जाऊ देणारा, पण विरघळलेले पदार्थ अडवणारा पडदा. जेलीला तसं पटल नसतं, थोडी साखर आणि रंग बाहेरही झिरपतात. हा फरक मुलांपासून लपवू नका.

शेवटी साध्या पाण्यातली टम्म फुगलेली गोळी साखरेच्या पाण्यात सोडा. आता ती आणखी फुगेल की आक्रसेल? आधी हात वर करायला सांगा, आकडा वहीत लिहून घ्या, मगच गाळणी उचला.