शिंपल्यातला पोखरणारा स्पंज कसा ओळखायचा

कालव फोडताना जाड शिंपलाही भुसभुशीत तुटू लागला, तर आधी क्लिओना या स्पंजाचा (समुद्रात राहणारा साधा प्राणी) संशय घ्यावा. तो शिंपला खात नाही. अन्न पाण्यातून गाळून घेतो, शिंपला त्याला फक्त राहायला हवा असतो. त्याच्या खास पेशी आम्लाने कण सुटा करतात आणि स्पंज तो पाण्याबरोबर बाहेर फेकतो. काही भाग प्रत्यक्ष विरघळतो, बाकी कणाकणाने निघतं.

बाहेरून 1-2 मिमीची गोल, विखुरलेली भोकं दिसतात. जिवंत असेल तर त्यातून पिवळी टोकं डोकावतात, पण शिंपला उचलताच ती आत ओढली जातात. समुद्राच्या पाण्यात तासभर न हलवता ठेवून मग बघा. दोन भोकं चिकटून आणि आत चिखल असेल तर तो पॉलिडोरा हा किडा.

आता शिंपला हातोडीने फोडा (चष्मा लावून). अरुंद वाटांनी जोडलेल्या पोकळ्या दिसतील. 10 पटीच्या भिंगाखाली त्यांच्या भिंती बारीक वाटीदार खळग्यांनी भरलेल्या असतात. ही खूण सगळ्यात भरवशाची.

खात्रीसाठी पोकळीच्या आतला चिमूटभर पिवळा गर काढा. वरचा नको, कारण शिंपल्यावर नुसते चिकटून वाढणारे स्पंजही असतात. गरावर 5 मिली बिनवासाचं ब्लीच घाला. मांस विरलं की स्पंजाच्या सांगाड्याच्या बारीक सुया उरतात. त्यांचा गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गोड्या पाण्याने तीनदा धुवा. धुण्यात कसूर झाली तर काचपट्टीवर मिठाचे स्फटिक उगवतात आणि सुयाच वाटतात. सूक्ष्मदर्शकात 100 पटीला 0.2 ते 0.4 मिमीच्या, डोकं असलेल्या टाचणीसारख्या सुया दिसल्या की क्लिओनाच धरा. सोबतचे पैलूदार कण शिंपल्याचे. व्हिनेगरच्या थेंबाने ते फसफसून जातात, सिलिकाच्या सुया राहतात. मात्र ब्लीच पूर्ण धुतल्याशिवाय व्हिनेगर लावू नका, क्लोरीन वायू सुटतो.

हे सगळं कालवाच्या शिंपल्यावरच करा. पोवळ्यातही हा स्पंज असतो, पण पोवळं, मेलेलंसुद्धा, उचलणं गुन्हा आहे.

जिवंत कालवांवरची टोकं खरवडून उपयोग नाही, आतला स्पंज पुन्हा बाहेर येतो. लिटरला सुमारे 350 ग्रॅम मिठाच्या द्रावणात घट्ट मिटलेली कालवं थोडा वेळ बुडवून सावलीत वाळवतात. आधी दहाच कालवांवर करून बघा. तोंड उघडं राहिलेलं कालव मिठाने मरतं. स्पंज मेला तरी पोकळ्या राहतात, म्हणून असा माल आधी विकावा.