जुना कॉम्प्युटर विकायला काढताना: आधी करून ठेवायची तयारी

घेणाऱ्याला ज्या गोष्टीची खात्री पटत नाही, तिचे पैसे तो देत नाही. बॅटरी किती टिकेल ते कळत नसेल, तर ती बदलावीच लागणार असं धरून तो भाव सांगतो. डिस्कचं तसंच, चार्जरचं तसंच. म्हणून ही बरीचशी तयारी पुरावे गोळा करण्याची आहे, आणि तिचा क्रम पाळायला हवा: आधी बॅकअप, मग तपासणी, मग साफसफाई आणि फोटो, आणि डेटा पुसणं सगळ्यात शेवटी. पुसून झाल्यावर आठवलेली गोष्ट बहुतेक वेळा परत मिळवता येत नाही.

पहिल्यांदा आपण नेमकं काय विकतोय ते कागदावर उतरवा. ‘आय-फाइव्ह, ८ जीबी’ एवढ्यावरून जाणकार माणसाला काहीच कळत नाही. इंटेल कोअर आय-फाइव्ह ७२००यू दोन कोअरचा आणि ८२५०यू चार कोअरचा. नाव दोघांचंही आय-फाइव्ह, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक हवा. तो सेटिंग्जमधल्या ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाउट’ या पानावर मिळतो, मॅकवर ‘अबाउट धिस मॅक’मध्ये चिपचं नाव दिसतं. सोबत रॅम किती आणि कुठल्या पिढीची (डीडीआर३, ४ की ५), डिस्क एसएसडी की हार्ड डिस्क, तिची क्षमता, स्क्रीनचं रिझोल्यूशन, ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर त्याचं मॉडेल आणि मेमरी, एवढं लिहा. काही लॅपटॉपात रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तसं असेल तर ‘रॅम वाढवता येईल’ असं जाहिरातीत लिहू नका.

याच कागदावर एक ओळ विंडोज ११ ची हवी, कारण सध्या भावाचा मोठा फरक तिथेच पडतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) आणि इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे अ‍ॅप चालवलं की तुमच्या मशीनवर विंडोज ११ चालेल का ते स्पष्ट सांगतं. नकार टीपीएममुळे आला तर लगेच निराश होऊ नका. कितीतरी डेस्कटॉपांत टीपीएम असतो, फक्त बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या, मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डावर तो ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडतो. बायॉसला हात लावण्याआधी मात्र बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा आणि असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. नाहीतर मशीन सुरू होताना ती की मागेल आणि तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही. प्रोसेसरच जुना असेल तर जाहिरातीत तसं सरळ लिहा. लिनक्स टाकून वापरणारे, मुलांच्या टायपिंगसाठी शोधणारे, सुट्या भागांसाठी घेणारे असे खरे गिऱ्हाईक त्यालाही मिळतात, आणि मग सौदा ऐनवेळी फिसकटत नाही.

मशीन ऑफिसकडून किंवा संस्थेकडून विकत घेतलेलं असेल तर आयटी विभागाकडून ते त्यांच्या यंत्रणेतून मोकळं करून घ्या. अशा मशीनची नोंदणी सर्व्हरवर असते. विंडोज नव्याने टाकलं तरी पहिल्याच स्क्रीनवर संस्थेचं लॉगिन मागितलं जातं. घेणाऱ्याच्या दृष्टीने ते बंद मशीनच.

आता बॅकअप. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा आणि त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे फाइल शाबूत आहे असं नव्हे. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हमखास राहून जातात. त्याखेरीज ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुकची पीएसटी फाइल (तिच्यात मेल साठवलेले असतात), हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि बाहेरून टाकलेले मराठी फॉन्ट आठवणीने घ्या. ‘विंडोज हॅलो’मध्ये साठवलेली पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) किंवा याच मशीनवर चालणारं ओटीपीचं अ‍ॅप असेल, तर त्या प्रत्येक खात्यात दुसऱ्या उपकरणावरून शिरता येतंय याची आधी खात्री करा.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, एक स्पेस, तिरपी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला तेही खाली दिसतं. त्यातले दोनच आकडे बघायचे: ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’. पहिला ५०,००० आणि दुसरा ३८,००० असेल तर बॅटरीची मूळ क्षमता ७६ टक्के उरली आहे. मॅकवर ‘सिस्टीम इन्फर्मेशन’च्या ‘पॉवर’ भागात सायकल काउंट, म्हणजे बॅटरीच्या पूर्ण चार्जइतक्या वापराच्या किती फेऱ्या झाल्या तो आकडा, दिसतो. अलीकडच्या मॅकबुकच्या बॅटऱ्या १,००० सायकलींसाठी बनवलेल्या असतात. या पानाचा फोटो जाहिरातीत लावा. ‘बॅटरी चांगली आहे’ हे वाक्य प्रत्येकजण लिहितो, अहवाल फार थोडे दाखवतात. टचपॅड वर उचलला गेला असेल, झाकण नीट मिटत नसेल किंवा तळ फुगीर वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग थांबवा, ती दाबू किंवा टोचू नका, जाणकाराकडून काढून घ्या. फुगलेल्या बॅटरीसह मशीन विकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात आगीचा धोका पाठवणं, मग किंमत कितीही कमी लावलेली असो.

डिस्कसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत साधन पुरतं. हार्ड डिस्क असेल तर ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी शून्य हव्यात. पेंडिंगचा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर डिस्कचा काही भाग आत्ताच वाचता येत नाहीये. असं मशीन नव्या डिस्कसह विका, नाहीतर डिस्क काढून तसं सांगून विका. एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीत ‘पर्सेंटेज यूज्ड’ बघा, तो आकडा जितका कमी तितकं आयुष्य शिल्लक. रॅमची परीक्षा ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ने घ्या, एकही चूक निघाली तर रॅमची पट्टी काढून, संपर्काचा भाग पुसून, परत बसवून पुन्हा चालवा. मग वीसेक मिनिटं जड काम देऊन तापमान बघा. प्रोसेसर ९५ अंशांच्या वर जाऊन त्याचा वेग खाली येत असेल तर बहुधा पंख्यात धूळ अडकली आहे किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळली आहे. दोन्ही दुरुस्त्या स्वस्तातल्या, पण केल्या नाहीत तर दाखवायच्या वेळी पंखा घरघरतो आणि घेणारा तिथेच भाव पाडतो. बंद केल्यावर डेस्कटॉपची तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदला.

बाकी हातासरशी उरकण्यासारखं: प्रत्येक बटण दाबून बघा, प्रत्येक यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह लावा, कॅमेरा, माइक, दोन्ही बाजूंचे स्पीकर, हेडफोनची खाच, वायफाय, ब्लूटूथ. स्क्रीनवर पूर्ण पांढरं आणि मग पूर्ण काळं चित्र लावून डाग आणि मेलेले ठिपके शोधा. झाकण उघडझाप करताना बिजागरीत कटकट होते का ते ऐका.

साफसफाई मशीन बंद करून, चार्जर काढून. स्क्रीनला किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड पुरे. काच पुसायचे अमोनियावाले फवारे नकोत, त्याने वरचा लेप जातो. हवेने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग खराब होतं. स्टिकरांचा चिकटपणा काढा. फोटो दिवसाच्या उजेडात, स्क्रीन चालू ठेवून घ्या, आणि ओरखडे-पोचे यांचे जवळून वेगळे फोटो काढा. सिरियल नंबर सार्वजनिक फोटोत झाका, समोर आलेल्या माणसाला मात्र जरूर दाखवा.

विकण्याआधी खर्च करावा का? हार्ड डिस्कवर रांगणाऱ्या, पण प्रोसेसर धड असलेल्या मशीनमध्ये साधी २५६ जीबीची एसएसडी घातली तर तो खर्च बहुधा वसूल होतो, कारण मशीन सुरू होतानाच फरक दिसतो. ४ जीबी रॅमची ८ करणंही बहुतेकदा परवडतं. त्यापुढचे महागडे बदल करू नका. त्यांचे पूर्ण पैसे कोणी देत नाही. डेस्कटॉपात तगडं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते वेगळं आणि उरलेलं मशीन वेगळं असा हिशेब करून बघा.

भाव ठरवताना लोक किती मागतायत ते बघून फसू नका. महिनोन्‌महिने न विकलेल्या जाहिरातीही तिथेच असतात. त्याच प्रोसेसरची, तेवढ्याच रॅमची मशीन प्रत्यक्षात कितीला गेली ते शोधा आणि मधला आकडा धरा. बॅटरी, ओरखडे, नसलेला चार्जर यांचे वजा करा. शिल्लक वॉरंटी आणि मूळ बिल यांचे मिळवा. मागायची किंमत आणि ज्याच्या खाली जायचं नाही ती किंमत, असे दोन आकडे आधीच ठरलेले असू द्या. घासाघीस चालू असताना ठरवलेला आकडा नेहमी कमीच निघतो.

पुसण्याआधी मोजक्या इन्स्टॉलेशनची परवानगी असलेल्या सॉफ्टवेअरमधून या मशीनचं लायसन्स सोडवा. बायॉसचा पासवर्ड काढा. विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ आहे का बघा. मशीनसोबत आलेलं लायसन्स त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं आणि त्याच्यासोबतच जातं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर भरून ‘सगळं टाकून देतो’ म्हणू नका. त्यातून व्हायरस जातो आणि नाव तुमचं खराब होतं.

क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही, फक्त त्याची अनुक्रमणिका जाते. ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा, मग ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करा. दुसरी डिस्क असेल तर ‘ऑल ड्राइव्हज’. मोठ्या हार्ड डिस्कला यात कित्येक तास लागतात, चार्जर लावलेला असू द्या. एसएसडीत एक अडचण आहे: झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर नवा मजकूर जुन्याच पेशीवर लिहीलच असं नाही, त्यामुळे वरून लिहून पुसणं तिथे भरवशाचं नाही. बायॉसमधलं किंवा कंपनीच्या साधनातलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा. ते नसेल तर बिटलॉकरने अख्खी डिस्क आधी एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करा आणि मग रीसेट. मागे जे उरेल ते किल्लीशिवाय वाचता येणार नाही. टी२ ही सुरक्षा चिप किंवा अ‍ॅपल सिलिकॉन (अ‍ॅपलचा स्वतःचा प्रोसेसर) असलेल्या मॅकवर मॉन्टेरे (मॅकओएस १२) किंवा नंतरची सिस्टीम असेल तर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ने काम होतं. ‘फाइंड माय’ (हरवलेलं उपकरण शोधायची सोय) बंद झालं का तेवढं बघा. ते चालू राहिलं तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉकमुळे नव्या मालकाला मशीन सुरूच करता येत नाही.

पुसलेलं मशीन पहिल्या सेटअपच्या स्क्रीनवर थांबतं, आणि घेणाऱ्याला तर सगळं चालवून बघायचं असतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह: डिस्कला हात न लावता कीबोर्ड, वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं दाखवता येतं. मॅकवर तात्पुरतं खातं उघडून दाखवा आणि सौदा झाला की पुन्हा पुसा. भेट वर्दळीच्या, विजेची सोय असलेल्या जागी ठरवा. चार्जर मूळ वॅटचाच द्या; ६५ वॅटच्या मशीनला ४५ चा दिला तर ते हळू चार्ज होतं किंवा तक्रार करत राहतं. पैसे आले की नाही ते स्वतःच्या खात्यात बघा, समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर नको. आणि पैसे घेण्यासाठी कुठलाही पिन किंवा ओटीपी सांगावा लागत नाही. दोन प्रतींत पावती करा: मॉडेल, सिरियल नंबर, तारीख, रक्कम, सांगितलेले दोष, दोघांच्या सह्या.

त्याच दिवशी दुसऱ्या उपकरणावरून मायक्रोसॉफ्ट, गूगल, अ‍ॅपल अशा आपल्या खात्यांत जाऊन हे मशीन यादीतून काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधूनही. बॅकअपची डिस्क महिनाभर तरी रिकामी करू नका. राहून गेलेली फाइल सहसा त्याच काळात आठवते.