विमानात हवेचा दाब अचानक गेला तर या चुका टाळा

“आधी लेकराला ऑक्सिजनचा मास्क लावते, मग माझं बघते,” असं कुठलीही आई म्हणेल. विमानात नेमकं हेच करू नका. ३५,००० फुटांवर केबिनमधला दाब एकदम गेला, तर हातापायांवर ताबा असण्याचा वेळ जेमतेम अर्धा ते एक मिनिट. मुलाच्या डोक्यामागं इलॅस्टिक अडकवता अडकवता तुमचीच शुद्ध हरपली, तर दोघांनाही बघणारं कुणी उरत नाही. आधी आपला, मग लेकराचा, मग शेजारच्या मावशींचा.

“त्रास व्हायला लागला की लावू” ही तर त्याहून घातक समजूत. ऑक्सिजन कमी पडला की बऱ्याचदा गुदमरल्यासारखं वाटतच नाही. उलट हलकं, निवांत वाटतं आणि डोकं चालेनासं होतं. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिऑस एअरवेजच्या विमानात दाबाचं नियंत्रण मॅन्युअलवर, म्हणजे हातानं चालवायच्या स्थितीत, राहिलं होतं, त्यामुळं केबिनमध्ये पुरेसा दाब राहिला नाही. भोंगा वाजला, पण वैमानिकांना त्याचं कारण उमगलं नाही आणि तेच बेशुद्ध झाले. विमानातले सगळे १२१ जण गेले.

मास्क लोंबतोय, पण ऑक्सिजन येत नाही? बहुतेक विमानांत तो खाली ओढल्याशिवाय प्रवाह सुरूच होत नाही. हिसका देऊन ओढा, नाक आणि तोंड दोन्ही झाका. पिशवी फुगली नाही म्हणून काढू नका, ऑक्सिजन तरीही येत असतो. जळका वास आला तरी बिचकू नका. ऑक्सिजन तयार करणारं उपकरण तापतं, त्याचा तो वास.

विमान झपाट्यानं खाली जायला लागलं की लोक ओरडतात, उठतात. वैमानिक मुद्दाम १०,००० फुटांपर्यंत आणत असतो, तिथं मास्कविना श्वास घेता येतो. पट्टा सोडू नका.

कोल्हापूरला येणाऱ्या एटीआर, म्हणजे पंख्यांच्या छोट्या विमानांची गोष्ट वेगळी. ती २५,००० फुटांच्या वर जात नाहीत, म्हणून त्यांत वरून पडणारे मास्क बहुधा नसतातच. ते शोधू नका, क्रू सांगेल ते करा. मात्र कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून हैदराबादला उतरून पुढं मोठं जेट विमान धरलंत, तर मास्कची सूचना नीट ऐका.

उतरल्यावर कान दुखत असेल, तर जोरानं नाक शिंकरू नका. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई-जयपूर विमानात दाबाचं बटण चालू करायचं राहिलं, तेव्हा काहींच्या नाका-कानांतून रक्त आलं होतं. असं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.