विद्यापीठात गेल्यावर अभ्यासातून मन उडते तेव्हा : या चुका टाळा

शाळेत पहिल्या पाचांत असलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या पहिल्याच सत्रात पुस्तक उघडायचे टाळू लागतो, तेव्हा घरचे म्हणतात की त्याला शिंगे फुटली, आणि तो स्वतःशी म्हणतो की आपण आळशी झालो. ही दोन्ही निदाने बहुधा चुकीची असतात. शाळेत जो अभ्यास होत होता त्यामागे त्याची इच्छाशक्ती होतीच, पण ती एकटी नव्हती. तासाची घंटा, दुसऱ्या दिवशी दाखवायचा गृहपाठ, वहीवर लाल शेरा मारणारे शिक्षक, दर थोड्या दिवसांनी येणारी चाचणी, संध्याकाळी घरात विचारला जाणारा ‘अभ्यास झाला का?’ हा प्रश्न आणि शेजारच्या बाकावरचा तितकाच धास्तावलेला मित्र, या सगळ्यांची मिळून एक परांची उभी होती. विद्यापीठात ही परांची पहिल्या आठवड्यातच उतरवली जाते, आणि मग भिंत कलली की दोष विटांना दिला जातो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून होतात. त्यांपैकी दोन-तीन मी स्वतः अगदी मन लावून केलेल्या आहेत.

मन लागण्याची वाट पाहत बसणे

सर्वांत महागात पडते ती ही चूक. ‘मूड आला की बसेन’ असे म्हणताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो की शाळेतला गणिताचा गृहपाठ आपण कधीच मूड पाहून केला नव्हता. आधी इच्छा आणि मग काम, असा क्रम आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पुष्कळदा पहिले उदाहरण सुटल्यावरच दुसरे सोडवावेसे वाटते.

शिवाय शाळेतल्या अभ्यासाला बाहेरून मिळणारे मोल फार लवकर मिळत असे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना मधल्या टप्प्यात प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळाले, ते पैसे बंद झाल्यानंतर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. एका छोट्या प्रयोगावर सगळा डोलारा उभा करू नये. पण वर्षानुवर्षे गुण आणि क्रमांक यांच्यावर चाललेला अभ्यास, निकाल थेट सत्राच्या शेवटी लागू लागल्यावर काही काळ मंदावला, तर त्यात स्वभावाचा दोष शोधण्याचे कारण नाही.

म्हणून ‘मला प्रेरणा का नाही?’ हा प्रश्न बाजूला ठेवून घोडे नेमके कुठे पेंड खाते ते पाहावे. अभ्यासाला बसणेच होत नसेल, तर अडचण दिवसाच्या रचनेत असते. बसणे होते पण डोक्यात काही शिरत नाही, असे असेल तर अडचण पद्धतीत असते. आणि वर्गाच्या दारापर्यंत जाऊन पाय मागे फिरत असतील, तर ती लाजेची किंवा भीतीची अडचण असते. तिन्हींना ‘कंटाळा’ हे एकच नाव दिले, की तिन्हींवर उपाय सापडेनासा होतो.

रिकाम्या तासांना सुट्टी समजणे

वेळापत्रकातला एक मंगळवार घ्या. सकाळी ९ ते ११ दोन तासिका, मग ३ वाजता प्रात्यक्षिक. मधले चार तास कोरे. पहिला अर्धा तास गप्पांत जातो, नंतर ‘थोडे पडतो’ म्हणून खोलीवर जाणे होते, मोबाइल हातात येतो आणि पावणेतीनला धावपळ सुरू होते. त्या चार तासांत विश्रांती झालेली नसते आणि अभ्यासही झालेला नसतो. असे कोरे पट्टे आठवड्यात चार-पाच असतात.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी मात्र हे तास कामाचेच धरलेले असतात. युरोपीय क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत धरले जाते. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास, ज्यात व्याख्यानांबरोबर स्वतःचे वाचन, लेखन, प्रकल्प आणि परीक्षेची तयारी सारे आले. इतर ठिकाणचे आकडे वेगळे असतील, पण तत्त्व तेच आहे. वर्गात जे दिसते तो कामाचा एक भाग असतो आणि उरलेला भाग विद्यार्थ्याने करायचा असतो, हे पुष्कळांना पहिली परीक्षा तोंडावर येईपर्यंत कुणी स्पष्ट सांगितलेलेच नसते.

उपाय साधा आहे आणि तो जागेशी जोडलेला आहे. तास संपल्यावर खोलीवर जाऊच नये. ११ वाजता व्याख्यानगृहातून निघावे ते ग्रंथालयात, शक्यतो रोज त्याच टेबलाकडे, आणि आत्ताच झालेल्या व्याख्यानाच्या टिपणांवर चाळीस मिनिटे घालवावीत. त्यानंतर हवे तितके हुंदडावे. खोलीवर जाऊन, आडवे होऊन, पुन्हा उठून अभ्यासाला बसणे हे तीन निर्णय आहेत. थेट ग्रंथालयात जाणे हा एकच.

चार रंगांचे वेळापत्रक

पहिल्या सत्राच्या मध्यावर मी एक वेळापत्रक केले होते. पहाटे ५ ते रात्री ११, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, रविवारी ‘उजळणी’ असे ठळक अक्षरांत. ते तयार करायला एक अख्खी दुपार लागली आणि ते पाळले गेले तीन दिवस. चौथ्या दिवशी जाग सव्वासातला आली, आणि पाच ते सातचे दोन चौकोन गेले म्हणून मी उरलेला दिवसही सोडून दिला. आरंभशूरपणाचा हा नमुना भिंतीवर सत्र संपेपर्यंत चिकटून होता.

अशा वेळापत्रकात एक चूक झाली की सगळे कोसळते, कारण त्यात चुकायला जागाच ठेवलेली नसते. त्यापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा एखादाच करार जास्त टिकतो. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रँडस्टॅटर यांच्या १९९७ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सुट्टीच्या काळात एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. तो केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच ठरवून घेतले, त्यांच्यात वेळेत अहवाल पाठवणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. ‘या आठवड्यात रसायनशास्त्र वाचीन’ हे वाक्य म्हणूनच फसते आणि ‘बुधवारी ११ वाजता, खिडकीजवळच्या टेबलावर, तिसऱ्या प्रकरणाची उदाहरणे’ हे तुलनेने तग धरते.

मुदतींचेही तसेच आहे. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रॉख यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, एका अभ्यासक्रमाच्या तीन निबंधांसाठी एका तुकडीला स्वतःच्या मुदती ठरवायची मोकळीक होती आणि दुसरीला सारख्या अंतराच्या मुदती नेमून दिल्या होत्या. गुण दुसऱ्या तुकडीचे सरस आले. स्वतःला घातलेली मुदत नुसती मनात असून भागत नाही. ती दुसऱ्या माणसाला ठाऊक असावी लागते. वर्गातल्या एका सोबत्याला ‘शुक्रवारी चारला मी तुला माझी दोन पाने दाखवणार आहे’ असे सांगणे ही शाळेच्या परांचीतली एक बल्ली आपल्या हाताने पुन्हा रोवण्यासारखेच आहे.

शाळेची अभ्यासपद्धत तशीच चालवणे

माझ्या जुन्या पुस्तकातले एक पान अजून आठवते, ज्यावर पिवळ्या हायलायटरने न रंगवलेली ओळ शोधावी लागत असे. ते पान मी पाच-सहा वेळा वाचले होते आणि परीक्षेत त्यावरचा प्रश्न आला तेव्हा मला पानाचा रंग आठवला, मजकूर आठवला नाही. धडा छोटा, प्रश्न ठरलेले आणि चाचणी लगेचची, अशा परिस्थितीत पुन्हापुन्हा वाचणे शाळेत खपून जाते. विद्यापीठात शंभर पाने आणि चार महिन्यांचे अंतर असते, तिथे घोकंपट्टीचा दम संपतो, आणि कष्ट करूनही काही येत नाही म्हटल्यावर मन उडणारच.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग या ठिकाणी मुळातून समजून घेण्यासारखा आहे. एका गटाने तोच उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने तो एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांना ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले : वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी की, आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. वाचताना जे सोपे वाटते त्याला आपण ‘आले’ समजतो, आणि आठवताना जो त्रास होतो त्याला ‘मला जमत नाही’ समजतो; अभ्यासातून मन उडण्याचे बरेचसे पाणी इथेच मुरते.

तेव्हा व्याख्यानानंतरच्या त्या चाळीस मिनिटांत वही मिटून, कोऱ्या कागदावर, सर काय म्हणाले ते लिहून पाहावे. पहिल्या दिवशी सहा ओळीही होणार नाहीत. मग वही उघडून राहिलेले भरावे, आणि तोच कागद तीन-चार दिवसांनी पुन्हा कोरा घ्यावा.

आपली जागा वर्गातल्या इतरांवरून ठरवणे

शाळेतला पहिला क्रमांक विद्यापीठात अशा वर्गात येऊन बसतो, जिथे निम्म्या मुलामुलींचा आपापल्या शाळेत पहिलाच क्रमांक होता. क्षमता तेवढीच असूनही अधिक हुशार गटात स्वतःविषयीचे मत खाली येते; हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात या परिणामाचा अभ्यास केला आणि ‘लहान तळ्यातला मोठा मासा’ या नावाने तो ओळखला जातो. तळे बदलले म्हणून मासा आखूड होत नाही. तुलना करायचीच असेल तर महिन्यापूर्वीच्या आपल्याच कागदाशी करावी.

बुडालेल्या तासांपासून तोंड लपवणे

दोन प्रात्यक्षिके बुडवल्यानंतर मला त्या विषयाचे प्राध्यापक समोरून येताना दिसले आणि मी दुसऱ्या जिन्याने वर गेलो. त्यानंतर तो मजलाच टाळू लागलो, मग त्या मजल्यावरच्या इतर तासिकाही गेल्या. बुडालेले काम थोडेच होते, पण ते लपवण्याच्या खटाटोपात त्याच्या तिप्पट काम बुडाले. नंतर कळले की त्या प्राध्यापकांना माझे नावही ठाऊक नव्हते.

इथे स्वतःवर आसूड ओढून काही साधत नाही. मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले होते त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. अपराधी भावना जितकी तीव्र, तितके ते पुस्तक समोर धरणे जड जाते, हे त्यामागचे सरळ कारण.

मागचे सगळे भरून काढून मगच वर्गात जाईन, हा हट्ट सोडावा. आधी येत्या तासाला जाऊन बसावे, काही समजले नाही तरी चालेल, आणि मागचे नंतर तुकड्यातुकड्याने गाठावे. प्राध्यापकांना लिहायचे असेल तर सबबींचा पाढा नको. ‘गेल्या तीन आठवड्यांत मी आपल्या चार तासिकांना अनुपस्थित होतो. आता पुन्हा सुरुवात करीत आहे. आधी कोणता भाग वाचावा, हे विचारण्यासाठी दहा मिनिटे भेटता येईल का?’ एवढे पुरते.

आजाराला आळस म्हणणे, आणि घाईने विषय बदलणे

अभ्यासच नव्हे तर आवडता खेळ, गाणे, मित्र यांतही रस उरलेला नाही, झोप आणि भूक बिघडली आहे आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज आहे, असे असेल तर वरचे कुठलेही तंत्र वापरत बसू नये. डॉक्टरांकडे किंवा विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन जावे.

विषय चुकला असे वाटणाऱ्यांनी मात्र थोडे थांबावे. पहिल्या सत्रातले विषय बहुधा पायाभरणीचे आणि रुक्ष असतात, आणि त्यांवरून पुढच्या वर्षांचा अंदाज बांधणे म्हणजे बाराखडीवरून कवितेची चव ठरवणे होय. आपल्याच शाखेचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून वाचावा, परवानगी मिळाली तर वरच्या वर्गाच्या एका व्याख्यानाला मागे जाऊन बसावे, आणि ज्या शाखेत जायचे मनात आहे तिच्याही पहिल्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. त्यातला एखादा प्रश्न कुणी न सांगता सोडवून पाहावासा वाटला, तर बदलाचा अर्ज आणण्यास हरकत नाही.